शिळ्या सणाच्या आत: आमच्या विश्वस्तांना खुलं पत्र

मुंबई, ठाणे आणि रायगडमधल्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू समाजाच्या सिनेगॉगांचे (प्रार्थनामंदिरांचे) मुकादम, चौगुले, गब्बाई असे सगळे पदाधिकारी, समाजाच्या धर्मादाय ट्रस्टांचे विश्वस्त आणि सणासुदीला मोकळ्या हाताने देणारे माझे सगळे बांधव यांस,

शालोम.

मी ठाण्यात राहते. छत्तीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. आठवड्यातले तीन दिवस ठाणे, मुलुंड, कुर्ला, भायखळा या पट्ट्यातल्या आपल्या काही घरी जाते. कुणाचा बीपी मोजायचा असतो, कुणाच्या पायाची जखम बांधायची असते, कुणाला इन्सुलिनची सुई कशी धरायची ते पुन्हा दाखवायचं असतं. बहुतेक जणी माझ्याहून वयाने मोठ्या आहेत आणि निम्म्या एकट्या राहतात. दाराच्या चौकटीला मेझुझा (धर्मवचनांची डबी), भिंतीवर एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची तसबीर, आणि फोनमध्ये इस्रायलमधल्या अश्दोदच्या, दिमोनाच्या नातवंडांचे फोटो.

त्यातल्या एका बाईंमुळे मी हे पत्र लिहायला बसले. त्यांचं नाव, राहण्याचं ठिकाण, सिनेगॉग यातलं काहीही सांगणार नाही. आपण इतके थोडे उरलो आहोत की नुसती गल्ली सांगितली तरी माणूस ओळखू येतो.

पेसाखच्या (वल्हांडण सणाच्या) आधी त्यांना सणाची पिशवी मिळाली. तांदूळ, तेल, साखर, मात्साचा (बिनखमिराच्या रोटीचा) पुडा, शरबतासाठी काळ्या मनुका. सामान चांगलं होतं, देणाऱ्यांनी मनापासून भरलं होतं. देताना त्यांना पुढे बोलावलं. पिशवीचा एक बंद त्यांच्या हातात, एक देणाऱ्यांच्या हातात, आणि फोटो काढला. संध्याकाळी तो समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. रात्री इस्रायलमध्ये लोदला त्यांच्या धाकट्या जावेने पाहिला आणि लगेच फोन केला, "जाऊबाई, इतकी वेळ आली का हो?"

तेव्हापासून त्या शब्बाथच्या (शनिवारच्या) प्रार्थनेला आलेल्या नाहीत. विचारलं की गुडघे दुखतात म्हणतात. गुडघे मी तपासले आहेत. भाजी आणायला त्या दोन मजले उतरतात आणि चढतात.

माझं मागणं एकच आहे, ते आधी सांगून टाकते. आपल्या समाजात अडचणीतल्या घराला जी मदत जाते ती गुपचूप जावी. तिचा फोटो निघू नये, नाव पुकारलं जाऊ नये, घेणाऱ्याला रांगेत उभं राहावं लागू नये. या वर्षीच्या शिळ्या सणाच्या आत त्याची घडी बसावी.

तरुण मुलांना शिळा सण ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगते. योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, पण हे नाव आपल्या आजी-पणजीच्या तोंडी नव्हतं. ती म्हणायची दारफाळणीचा सण. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, उपास करायचा, बाहेरच्या कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची, गरिबांना द्यायचं आणि आप्तेष्टांच्या भेटीला जायचं. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हटल्या गेलेल्या आपल्या माणसांकडे तेव्हा ना पुस्तकं होती ना रब्बाय. तरी उपासानंतर उघडलेलं दार आधी गरिबासाठी उघडायचं, एवढं त्यांनी धरून ठेवलं होतं. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

आता माझ्या घरचं सांगते. वडील गिरणीत फिटर होते. मी नऊ वर्षांची असताना ते गेले. आई, मी आणि दोन धाकटे भाऊ, भायखळ्याच्या चाळीतली एक खोली. पहिल्या वर्षी सणाला समाजातून मदत मिळाली. ती घ्यायला यादीतली नावं मोठ्याने वाचायचे. "अमक्याची विधवा, मुलं तीन." आई उठायची, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायची आणि पुढे जायची. बाकावरच्या बायका आपसात बोलत असायच्या, त्या नेमक्या तेवढ्या वेळापुरत्या गप्प व्हायच्या. तिसऱ्या वर्षी आईने मला पाठवलं. मी गेले, पाकीट घेतलं, आणि परत येताना वर्गातली एक मुलगी माझ्याकडे बघताना दिसली. आज मी सत्तरीच्या जवळ आहे, त्या मुलीने कुठल्या रंगाची रिबीन बांधली होती ते अजून सांगू शकेन.

आई दर शुक्रवारी दिवे लावायच्या आधी गरिबांसाठीच्या डब्यात एक नाणं टाकायची. आम्हीच मदतीवर, आणि ती डब्यात पैसे टाकते, याचा मला लहानपणी राग यायचा. पुढे कळलं की आपल्या धर्मशास्त्रात तसंच सांगितलं आहे. जो त्सेदाका घेतो त्यानेही त्सेदाका द्यायची असते. त्सेदाका हा शब्दच मुळी त्सेदेक, म्हणजे न्याय, यातून आलेला आहे. आपण त्याला मराठीत दान म्हणतो तेव्हा देणारा उंचावर जाऊन बसतो. न्याय म्हटलं की दोघं एकाच पातळीवर येतात. आईला हिब्रूतली अक्षरं वाचता येत, अर्थ कळत नसे, पण हे तिला कळलेलं होतं.

मग नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायला पैसे नव्हते. आईने कुणाकडे शब्द टाकला होता की नाही, मला माहीत नाही. फी भरायच्या शेवटच्या दिवशी मी मुदत वाढवून मागायला ऑफिसात गेले, तर क्लार्क म्हणाले, "तुझी भरलीय." कुणी, ते सांगायला ते तयार नव्हते. पुढच्या वर्षीही भरली गेली. गणवेशाचं कापडही आलं. कोण होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्या वर्षांत सिनेगॉगमधल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना माझ्या मनात यायचं, न जाणो, हेच असतील. म्हणून प्रत्येकाशी मी मान देऊन बोलले. पाकीट घेतलेल्या त्या दिवसाने मला समाजापासून तोडलं होतं, या न कळलेल्या माणसाने परत जोडलं. दोन्ही वेळी पैसे समाजाचेच होते. फरक फक्त देण्याच्या रीतीत होता.

विश्वस्त मंडळींनो, ही माझ्या एकटीच्या मनाची गोष्ट असती तर तुमचा वेळ घेतला नसता. आपल्याकडे याची रीतसर शिकवण आहे, आणि ती फार जुनी आहे. तालमूदात, म्हणजे आपल्या धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, मार उक्वाची गोष्ट येते. त्याच्या शेजारी एक गरीब राहायचा. मार उक्वा रोज त्याच्या दाराच्या खोबणीत चार झूझ (नाणी) टाकून जायचा. एक दिवस त्या गरिबाला वाटलं, बघू तरी माझ्यावर हे उपकार कोण करतं. त्या दिवशी मार उक्वाला उशीर झाला होता आणि बायको बरोबर होती. दार हललं, गरीब बाहेर आला, आणि ही दोघं पळाली. पळून कुठे लपावीत, तर नुकतेच निखारे काढलेल्या भट्टीत! मार उक्वाचे पाय भाजायला लागले तेव्हा बायको म्हणाली, तुमचे पाय माझ्या पायांवर ठेवा. तिचे भाजत नव्हते, कारण ती घरात असायची आणि दारी आलेल्याला थेट तयार अन्न द्यायची. आणि हा सगळा आटापिटा कशासाठी, तर चार लोकांत दुसऱ्याला खाली मान घालायला लावण्यापेक्षा माणसाने स्वतःला भट्टीत टाकून घ्यावं, अशी शिकवण आहे म्हणून. आपल्या ग्रुपवरचा तो फोटो पाहिला तेव्हा मला ही भट्टी आठवली.

त्याच तालमूदात रब्बी यन्नाय एका माणसाला चारचौघांत भिकाऱ्याच्या हातावर नाणं ठेवताना पाहतात आणि म्हणतात, देऊन त्याला लाजवलंस त्यापेक्षा दिलं नसतंस तर बरं झालं असतं. जेरुसलेमच्या मंदिरात एक गुप्त खोली होती. देणारे तिथे जाऊन गुपचूप ठेवत, आणि पडत्या काळातली चांगल्या घरची माणसं गुपचूप घेऊन जात. बाराव्या शतकात रामबामने, म्हणजे धर्मपंडित मायमोनाइडीसने, त्सेदाकेच्या आठ पायऱ्या लावल्या, त्यात या खोलीची रीत वरून दुसरी आहे. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. तिच्या वर एकच पायरी: माणसाचा हात धरून त्याला असं उभं करायचं की पुन्हा मागायची वेळ येऊ नये. कर्ज द्या, भागीदारीत घ्या, काम मिळवून द्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर कोण, तर कपाळाला आठ्या घालून देणारा. मागितल्यावर देणारासुद्धा खालच्या निम्म्यात येतो, कारण मागायला लावण्यातच अर्धी इज्जत जाते.

आपल्या समाजाने ही वरची पायरी कधी चढलीच नाही असंही नाही. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत आपल्या मुलांसाठी इस्रायलाइट स्कूल काढलं. तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा झाली. गरीब पोराला सणाला एक पाकीट देऊन ते थांबले असते तर आपल्यातले कारकून, शिक्षक, डॉक्टर कुठून आले असते? डॉ. जेरुशा झिराड टाटांच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेल्या, परत येऊन त्यांनी कामा हॉस्पिटल सांभाळलं आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कर्जाऊ शिष्यवृत्ती म्हणजे रामबामची पहिली पायरीच की. आमच्या नर्सिंगच्या काळात त्यांचं नाव घेताना आमच्या मेट्रनचा आवाज बदलायचा.

आणखी एक आठवण याच शहरातली. हिटलरच्या जर्मनीतून, ऑस्ट्रियातून सुटून आलेले ज्यू मुंबईच्या बंदरात उतरू लागले. त्यांच्यासाठी १९३४ मध्ये इथे ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. सरकारला हवी होती हमी, की या माणसाचा भार सरकारी तिजोरीवर पडणार नाही. असोसिएशनने अशा हम्या दिल्या. हमी म्हणजे काय, तर एक सही. त्या सहीवर माणूस बोटीत चढू शकला. त्याच काळात हिटलरपासून सुटून इथे आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी पुढे आपल्या तरुण चित्रकारांच्या पाठीवर हात ठेवला, हे मुंबईच्या कलेच्या इतिहासात नोंदलेलं आहे. ज्यांना त्यांच्या पडत्या काळात कुणी हात पसरायला लावलं नाही, त्यांनी इथे येऊन दोन्ही हातांनी दिलं.

आता आजच्या अडचणी काय आहेत ते सांगते, कारण त्या पिशवीत मावत नाहीत. पहिली म्हणजे एकटेपण. १९५०–६० च्या दशकांत आपली माणसं मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. स्वातंत्र्याच्या सुमाराला देशात वीस हजारांहून अधिक असलेले आपण, २०११ च्या जनगणनेत सगळे भारतीय ज्यू मिळून पाच हजारसुद्धा भरलो नाही. जे राहिले त्यांचीही मुलं गेली. अलिबागच्या इस्रायल आळीत, रेवदंड्यात, पेणला मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेसाठी, दहा पुरुष जमवताना काय होतं ते तुम्ही रोज पाहता. मागे राहिलेल्या म्हातारीला तांदूळ मिळतात हो. तिला रात्री बाथरूमला जाताना धरायला माणूस हवं असतं. दिवसरात्र राहणाऱ्या बाईला मुंबईत महिन्याचे वीस-पंचवीस हजार पडतात, आणि तेवढं पेन्शन माझ्या ओळखीच्या कुणाचंही नाही. दुसरी अडचण घरभाड्याची. पागडीची खोली पाडून इमारत बांधायला घेतली, बिल्डरने भाडं वर्षभर दिलं आणि मग बंद केलं, अशी दोन घरं माझ्या फेरीत आहेत. तिसरी, औषधं. डायलिसिसचं एक घर आहे. आणि चौथी अशी की तिला काय म्हणावं कळत नाही. मुलगा चाळिशीचा, नोकरी गेलेली, लग्न झालेलं नाही, आई त्याच्यासाठी जगते आणि तो आईच्या पेन्शनवर. तो सिनेगॉगमध्ये येतो, हसून बोलतो. त्याला पिशवी देऊन बघा, तो परत येणार नाही.

या वर्षी रोश हशानाला (आपल्या नववर्षाला) चिकाचा हलवा करणार का, असं मी एका आजींना विचारलं. त्यांच्या हलव्याची चव सगळ्या आळीला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "नको गं, एवढे नारळ कोण खवत बसणार?" स्वयंपाकघरात पाहिलं तर नारळ नव्हतेच. मी खवून द्यायला तयार होते, पण "नारळ मी आणते" हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. इतक्या वर्षांच्या सवयीनंतरही, एखाद्याला न दुखावता कसं द्यायचं, हे अवघडच आहे. म्हणूनच ते कुण्या एकाच्या मनावर सोडू नये, त्याची व्यवस्था असावी.

व्यवस्थाही आपल्याला नव्याने शोधायची नाही. पूर्वीच्या प्रत्येक ज्यू गावात कुप्पा असायचा, म्हणजे समाजाची पेटी. नियम असा की गोळा करायला निदान दोन माणसं आणि वाटायला तीन, कारण कुणाला किती द्यायचं हा निवाडा आहे. आपल्याकडे सगळ्या सिनेगॉगांची मिळून अशी एक पेटी करूया. तीन माणसं नेमूया. त्यातलं कुणीही कुठल्याही ट्रस्टचं पदाधिकारी नसावं, एक तरी बाई असावी, आणि एक जण डॉक्टर किंवा नर्स असावी. नावं फक्त या तिघांना माहीत असावीत. विश्वस्तांनाही नकोत, मुकादमांनाही नकोत. भाडं थेट घरमालकाच्या खात्यात, औषधांचे पैसे केमिस्टकडे, राहणाऱ्या बाईचा पगार तिच्या खात्यात, शाळेची फी शाळेत. घरात पैशाचं पाकीट जाण्याची गरजच नको. मागायला यावं लागू नये म्हणून सुरुवात या तिघांनी करावी. वर्षातून दोनदा साठीपुढच्या प्रत्येक घरी जावं, ज्यांचं बरं चाललं आहे त्यांच्याही घरी जावं. सगळ्यांकडेच जात असतील तर कुणाच्या दारात ते दिसले म्हणून शेजारी काही बोलणार नाहीत.

सणाच्या पिशव्या चालू ठेवायच्या असतील तर त्या घरोघरी सगळ्यांना द्या. माझ्याही घरी द्या. ज्याला गरज नाही त्याने पिशवीच्या दुप्पट पैसे डब्यात टाकावेत.

तुमच्या हरकती मला ठाऊक आहेत. हिशेब द्यावा लागतो, धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षण जातं, परदेशातल्या देणगीदाराला पैसा पोचल्याचा पुरावा हवा असतो, परकी देणगीला एफसीआरएचे नियम असतात. सगळं खरं आहे आणि हिशेब चोख असलाच पाहिजे. पण हिशेबाला पावती लागते, केमिस्टचं बिल लागतं, बँकेची नोंद लागते. म्हातारीचा चेहरा लागत नाही. घरांना क्रमांक द्या, क्रमांकांची वही तिघांकडे कुलपात ठेवा, हिशेब तपासणाऱ्याला दाखवा आणि पुन्हा कुलपात ठेवा. देणगीदाराला पत्र लिहा की इतक्या घरांचं भाडं भरलं, इतक्या जणांची औषधं चालू आहेत. ज्याला तेवढ्याने समाधान नाही, त्याचे पैसे इमारतीच्या दुरुस्तीला घ्या. तिथे त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावा, त्यात काही वावगं नाही. १७९६ साली समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेल्या, आपण जुनी मशीद म्हणतो त्या सिनेगॉगपासून ते ठाण्याच्या १८७९ च्या सिनेगॉगपर्यंत आपल्या वास्तू देणाऱ्यांच्याच नावाने उभ्या आहेत. फोर्टचं केनेसेथ एलियाहू २०१९ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं तेव्हा मीही बघायला गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. दगडावर नाव कोरा. माणसावर कोरू नका.

खोटं सांगून कुणी मदत लाटेल, अशीही भीती आहे. लाटेल एखादा. भुकेला आला आणि अन्न मागू लागला तर चौकशी करू नका, आधी जेवू घाला, असं रामबामने स्पष्ट लिहिलं आहे. मोठ्या रकमेला चौकशी जरूर करा, पण ती तिघांनी घरी जाऊन करावी. सिनेगॉगच्या ऑफिसात रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन चार जणांसमोर उभं करणं याला मी चौकशी म्हणत नाही.

आणि कुणाला किती द्यायचं? तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, शब्द आहेत की त्याला जे कमी आहे, ते त्याच्या गरजेपुरतं द्या. हिल्लेल या जुन्या धर्मगुरूने पडत्या काळातल्या एका खानदानी माणसाला बसायला घोडा आणि पुढे धावायला नोकर मिळवून दिला होता. एक दिवस नोकर मिळेना, तर हिल्लेल स्वतः तीन मैल त्याच्या पुढे धावला. तेव्हा एखाद्या आजीला महिन्यातून एकदा रिक्षाने राणीच्या बागेत जायचं असेल तर "हे काय गरजेचं?" असं कमिटीत कुणी म्हणू नये.

बाहेरच्या संकटांसाठी आपण द्यायचं की आधी घरच्यांना, हा वाद दर वेळी होतो. माझ्या मते हा वाद व्यर्थ आहे. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर अश्केलोनला माझी मावसबहीण नातवाला घेऊन दिवसातून कितीदा आसऱ्याच्या खोलीत पळायची ते ऐकून मी पाठवायचे ते पाठवले, आणि पुन्हा पाठवीन. १९१४ च्या ऑगस्टअखेर हेन्री मॉर्गेनथाऊ यांनी कॉन्स्टँटिनोपलहून पॅलेस्टाइनमधल्या उपाशी ज्यूंसाठी पन्नास हजार डॉलर मागणारी तार न्यूयॉर्कला केली, त्यातून जॉइंट ही अमेरिकी ज्यूंची मदतसंस्था उभी राहिली, आणि तिच्याच मदतीवर १९६० च्या दशकापासून मुंबईतल्या आपल्या किती घरांच्या चुली पेटल्या. दूरच्यांनी आपल्याला दिलं आहे. आपणही दूर द्यावं. फक्त दूर देतानाही रीत हीच असावी. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा तिथल्या हेसेद (ज्यू समाजसेवा) केंद्रांतल्या सेवक बायका एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जात राहिल्या. त्या बायकांबद्दल वाचलं तेव्हा आमच्याही समाजात असं काही असावं, हे पहिल्यांदा मनात आलं. तिथे देणं म्हणजे पिशवी नव्हतीच, घरी येणारं माणूस होतं.

घरी येणाऱ्या माणसाची जात-धर्म बघू नये, हेही लिहून ठेवते. माझ्या फेरीतल्या एका आजींना सकाळचा चहा रोज खालच्या मजल्यावरची मुस्लिम सून आणून देते. दुसरीला डायलिसिसला घेऊन जातो तो रिक्षावाला आगरी आहे आणि थांबल्याचे पैसे घेत नाही. इतर धर्मांच्या गरिबांनाही आपल्या गरिबांबरोबर पोसा, असं आपल्या शास्त्रात आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्याला उभं राहिलेल्या दवाखान्यात कोण उपचार घेतं ते सगळा महाराष्ट्र जाणतो. उद्या आपल्या पेटीतून पगार मिळणाऱ्या बाया बहुतेक बाहेरच्याच असतील. आपल्या म्हाताऱ्यांना जपताना त्यांचीही घरं चालतील.

मी काय करू शकते ते सांगून पत्र पुरं करते. तिघांमध्ये मला घ्या असा माझा आग्रह नाही. पायऱ्या चढण्याचं माझंही वय सरत चाललं आहे. तरुण नर्सेसना शिकवायला मी तयार आहे. समाजातल्या दोघी मुली सध्या नर्सिंग शिकत आहेत, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. पेटी सुरू झाली तर माझ्या पेन्शनमधून दर महिन्याला ठरावीक रक्कम जाईल. त्याची पावती नको.

एक लिफाफा माझ्या कपाटात आहे. त्यात सात घरांच्या औषधांच्या चिठ्ठ्या आहेत. मी त्यांच्या वरची नावं कात्रीने कापून काढली आहेत आणि मागे एक ते सात आकडे घातले आहेत. कुठला आकडा कुणाचा ते सध्या फक्त मला माहीत आहे. तुम्ही तिघं नेमलीत की त्यांच्यापैकी कुणीही यावं. मी शुक्रवार सोडून रोज संध्याकाळी घरी असते. लिफाफा देईन, आकडे तोंडी सांगेन.

पाच क्रमांकाची चिठ्ठी आधी बघावी. ती औषधं महिनाअखेरीला संपतात.

आपली,
एक निवृत्त नर्स, ठाणे